सांगणे कमी केलेले घर : पीडीए असलेल्या स्वमग्न मुलाला वाढवताना

रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढायला जायचे म्हणून माझा आठ वर्षांचा मुलगा त्या दिवशी पहाटेपासून जागा होता. चपला त्याने आपल्या आपण घातल्या, टोपी शोधून काढली आणि तो पडवीच्या पायरीवर येऊन थांबला. किनाऱ्यावरून रापणकरांचे ओरडणे ऐकू येत होते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. "चल ना, जाळे वर येईल इतक्यात," असे मी म्हटले मात्र, त्याने चपला अंगणात भिरकावल्या, पडवीच्या खांबाला मिठी मारली आणि "माझे पाय लाकडाचे झालेत" असे म्हणत तो रडू लागला. त्याला जायचे होते, कोणी अडवले नव्हते आणि तरीही त्याला जाता येत नव्हते. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट उमगले, की ज्याला आम्ही दोन वर्षे हट्ट म्हणत आलो, तो हट्ट नव्हता. कारण आपल्याच आवडीच्या गोष्टीविरुद्ध कोणी हट्ट धरत नाही.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या अशा मुलांच्या स्वभावछटेला इंग्रजीत ‘पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉइडन्स’, म्हणजे संक्षेपाने पीडीए असे म्हणतात. ‘डिमांड’चे भाषांतर ‘मागणी’ असे केले, की अर्थ निसटतो. आपल्या बोलण्यातील ‘सांगणे’ हा शब्द त्याच्या अधिक जवळचा आहे. हे सांगणे आईच्या तोंडचे असेल, घड्याळाचे असेल, शाळेच्या घंटेचे असेल, पाहुण्यांच्या नजरेतील अपेक्षेचे असेल, किंवा स्वतःच्या पोटातील भुकेचे, लघवीच्या भावनेचे आणि स्वतःच्याच इच्छेचेही असेल. ‘आता हे करायलाच हवे’ अशी जाणीव झाली, की या मुलांच्या मनाला आपला ताबा सुटल्यासारखे वाटते आणि शरीर धोक्याची घंटा वाजवते. मग ती लढतात, पळतात किंवा जागच्या जागी गोठतात.

ब्रिटनमधील नॉटिंगहॅम येथील विकास-मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात हे नाव वापरायला सुरुवात केली आणि २००३ मध्ये त्यांचा यावरील शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तरीही २०१३च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात हे स्वतंत्र निदान म्हणून आलेले नाही, आणि ते स्वतंत्र मानावे की स्वमग्नता व तीव्र चिंता यांचा एक मिलाफ मानावा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पालकांसाठी याचा अर्थ एवढाच, की आपल्या मुलाच्या कागदावर ‘ऑटिझम’ लिहिलेले असेल, पीडीए बहुधा नसेल, आणि एखाद्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेले नसले तर त्यात त्यांचा दोष नाही. नाव मान्य करा अथवा करू नका, वर्णन जुळत असेल तर वागण्याची रीत बदलून पाहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

वर्णन जुळते की नाही हे कसे ओळखावे? ही मुले नुसते ‘नाही’ म्हणत नाहीत, तर टाळण्यासाठी माणसांशी वागण्यातली आपली हुशारी वापरतात. ती विषय बदलतात, कारणे सांगतात, "मी आता मांजर आहे, मांजर दप्तर भरत नाही" असे म्हणून एखाद्या भूमिकेत शिरतात, समोरच्याला हसवतात, आणि यातले काहीच चालले नाही तर किंचाळतात. बोलायला चुणचुणीत असल्यामुळे ‘याला सगळे कळते, मुद्दाम करतो’ असा समज होतो. मूड क्षणात बदलतो. काल सहज केलेली गोष्ट आज अशक्य होते, आणि पालकांना सर्वांत अधिक खटकते ते हेच.

स्वमग्न मुलांसाठी सहसा दिले जाणारे सल्ले येथे उलटतात, हेही लक्षात ठेवावे. शहरातील एका केंद्रात आम्हाला चित्रांचे वेळापत्रक, प्रत्येक कामाला एक चांदणी आणि दहा चांदण्यांना बक्षीस अशी पद्धत शिकवली होती. अनेक स्वमग्न मुलांना ठरलेल्या वेळापत्रकाने धीर येतो, त्यामुळे सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आमच्या मुलाला मात्र भिंतीवरची ती नऊ चित्रे म्हणजे नऊ जणांनी एकदम ओरडून सांगितल्यासारखी वाटली. चौथ्या दिवशी त्याने तक्ता फाडून न्हाणीच्या चुलीत घातला. चांदणी गमावण्याची भीती ही त्याच्या मूळ भीतीवर आणखी एक भर होती.

सांगणी मोजून पाहावीत

पहिले काम म्हणजे घरातील सांगण्यांची मोजदाद. एका सकाळी मी स्वयंपाकघरात एक वही ठेवली आणि मुलगा उठल्यापासून शाळेची रिक्षा येईपर्यंत त्याला जे जे सांगितले गेले, ते मी लिहीत गेले. ऊठ, पांघरुणाची घडी घाल, दात घास, आजोबांच्या पाया पड, पेज गार होतेय, सांडू नको, पाठ सरळ ठेव, इकडे बघ, बाईंची वही घेतलीस का. आकडा ४३वर गेला. त्यांतील निम्म्याहून अधिक सांगणी रागाची नव्हती, मायेचीच होती.

मग त्या यादीत मी एकच प्रश्न विचारत गेले : आज हे झाले नाही तर कोणाला इजा होईल का, आणि त्याच्या आरोग्याला धोका आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते वाक्य खोडले. शेवटी सहा उरली. घडी मी घालू लागले. पेज पाटावर बसूनच प्यावी हा नियम गेला आणि तो झोपाळ्यावर बसून पिऊ लागला. शाळेचा सदरा सकाळी चढवणे हे रोजचे रणांगण होते, म्हणून त्याने रात्रीच तो घालून झोपण्यास आम्ही हरकत घेणे सोडले; सदरा चुरगळतो, पण सकाळ चुरगळत नाही. दात घासण्याचे काम न्हाणीतल्या ओल्या फरशीमुळे आणि पेस्टच्या झोंबण्यामुळे अवघड होते, हे नंतर कळले. ब्रश परसात, कोंबड्यांजवळ आला आणि बिनचवीची पेस्ट मिळाली, तेव्हा आठवड्यातून चार-पाच दिवस तरी दात घासले जाऊ लागले. याचा धडा असा, की प्रत्येक नकाराखाली आवाज, वास, स्पर्श किंवा उजेड यांचा काही त्रास दडलेला आहे का, ते आधी तपासावे.

सांगणी खोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मूल अधिकच मोकाट सुटल्यासारखे दिसते आणि घरातील माणसे "बघ, सांगितले होते ना" म्हणू लागतात. त्या काळात टिकून राहणे हे या संपूर्ण रीतीतील सर्वांत कठीण काम आहे. भीती उतरायला वेळ लागतो, आणि ती उतरल्यावरच एखादे नवे सांगणे सावकाश, एका वेळी एक, परत आणता येते. ज्या दिवशी मुलाला झोप कमी लागली असेल, शाळेत गोंधळ झाला असेल किंवा रात्रभर वीज नसेल, त्या दिवशी सहाचीही तीन करावीत.

आज्ञार्थाला पर्याय

आपल्या भाषेत, आणि विशेषतः कोकणातील घरांत, माया आज्ञार्थात बोलते. ये, बस, पाणी घे, अजून एक भाकरी वाढ हिला, जेवल्याशिवाय जायचे नाही. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला आपण अधिक सांगतो. त्यामुळे पीडीए असलेल्या मुलाच्या घरी सर्वांत प्रेमळ माणूसच त्याला सर्वांत भीतिदायक ठरू शकते. ही गोष्ट कळली तेव्हा मला फार वाईट वाटले, पण त्यातूनच वाट सापडली. जीव तसाच ठेवून फक्त क्रियापदाचे रूप बदलायचे.

‘आंघोळ कर’ याऐवजी "हंड्यातलं पाणी तापलंय" एवढेच म्हणावे, आणि तेही शक्यतो मुलाकडे न बघता, जणू स्वतःशी किंवा आजीशी. ‘चपला घाल’ याऐवजी "अंगणात शेवाळ धरलंय, मी परवा घसरले होते." ‘गृहपाठाला बस’ याऐवजी वही उघडी ठेवून आपणच एक गणित सोडवायला घ्यावे आणि खरोखर अडखळावे. माहिती देणाऱ्या वाक्याने मुलाच्या हाती निर्णय राहतो. आज्ञेने तो काढून घेतला जातो. वाक्य बोलून झाल्यावर तेथून निघून जावे, कारण समोर उभे राहून वाट पाहणे हेही सांगणेच आहे. उत्तरासाठी मी आता मनात शंभरपर्यंत मोजते, आणि पुष्कळदा साठ-सत्तरच्या सुमारास न्हाणीचे दार वाजते.

‘करशील का?’ हा प्रश्न तेव्हाच विचारावा, जेव्हा ‘नाही’ हे उत्तर आपल्याला खरोखर चालणार असते. ‘आपण करू या’ हे रूप वरवर सौम्य वाटते, पण कित्येक मुलांना त्यात ओढून नेल्याचा भास होतो. माझा मुलगा स्पष्ट म्हणतो, "तू कर. मी ‘आपण’ नाही." दोन पर्याय देणे काहींना मानवते, मात्र ‘पेज की घावणे’ असे विचारताना ‘काहीच नको’ हा तिसरा पर्याय मनापासून खुला असावा, नाहीतर तो सापळा ठरतो. आणि ‘शाब्बास’ हा शब्द जपून वापरावा. कौतुकातून पुढच्या वेळचे सांगणे तयार होते, म्हणजे आज जमले तर उद्याही जमलेच पाहिजे, असे मूल समजते. आमच्याकडे चित्र काढून झाल्यावर "वा, किती सुंदर!" म्हटले की ते फाडले जाते, "खेकड्याला दहा पाय काढलेस, मी आठच समजत होते" असे म्हटले की ते भिंतीवर लागते.

मूल हुशार असल्यामुळे ही युक्ती ते ओळखते. "तू मला सांगतेयस ना?" असे त्याने विचारले तर खोटे बोलू नये. "हो, सांगत होते. आज नको असेल तर राहू दे," एवढे बोलून थांबावे. विश्वास गेला तर पुढची सगळी वाक्ये वाया जातात.

त्या रापणीचेच सांगते. पुढच्या वेळी तो पायरीवर अडकला तेव्हा मी त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, कुळीथ निवडत बसले. बऱ्याच वेळाने मी सासूबाईंना म्हणाले, "आज जाळं जड दिसतंय, दोन्ही दोऱ्यांना माणसं कमी आहेत." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने बघते तर पायरी रिकामी होती आणि चपला तेथेच होत्या. तो अनवाणीच गेला होता. त्यानंतर तीनदा तो गेला आणि दोनदा नाही गेला. न गेलेल्या दिवशीही तो घरात शांत होता, हा फरक मला जाण्याइतकाच मोलाचा वाटतो.

भरती, बावटा आणि विहीर

सांगणी कमी करायची म्हणजे सीमा काढून टाकायच्या असे नव्हे. विहीर, समुद्र, पावसाळ्यातील वहाळ आणि अंधारातील साप यांच्याशी वाटाघाट होत नाही. परंतु येथेही माणसाने सांगण्याआधी वस्तूने काम करावे. आम्ही विहिरीवर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप लावले, परसाच्या बेड्याला वरच्या बाजूने कडी लावली आणि पडवीत बॅटरी हाताला येईल अशा खुंटीवर टांगली. त्यामुळे ‘विहिरीकडे जाऊ नको’ हे दिवसातून दहादा उच्चारले जाणारे वाक्य घरातून नाहीसे झाले.

जेथे जाळी बसवता येत नाही, तेथे नियम व्यक्तीचा नसून परिस्थितीचा असावा. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा, बावटा लागला की होड्या बाहेर पडत नाहीत, हे मुलगा लहानपणापासून बघतो. बावट्याचे होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेलही, ऐकतो, मग त्यात कोणी कोणावर हुकूम गाजवत नाही. म्हणून आमच्याकडे ‘बावटा असेल तर पुळणीवर उतरायचे नाही’ हा नियम आईचा नाही, बावट्याचा आहे. फक्त एक पथ्य पाळावे : आपल्या सोयीसाठी खोटा बावटा लावू नये.

वेळेचेही तसेच आहे. घड्याळ दाखवून "चला, निघायची वेळ झाली" म्हटले की भांडण होते. भरतीला मात्र त्याचा आक्षेप नाही. आपल्या किनाऱ्यावरचा जुना अंदाज आहे, की तिथीचा पाऊणपट केला म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. आजोबांनी त्याला हा हिशोब शिकवला नाही, ते दिनदर्शिकेसमोर उभे राहून स्वतःशीच मोठ्याने करत राहिले. आठवड्याभरात तो आजीला विचारू लागला, "आज काय तिथी?" आणि एके दिवशी त्यानेच जाहीर केले, "पंचमी म्हणजे पावणेचार. तीनच्या आत घरी यायला लागेल, नंतर वाळूच उरत नाही." आम्ही कोणीही त्याला घरी यायची वेळ सांगितली नव्हती. तुमच्या मुलाला बोटींऐवजी कोकण रेल्वेच्या गाड्यांचे, एसटीच्या पाट्यांचे किंवा दशावताराचे वेड असेल. त्या वेडातील नियमांना आपल्या घराचे नियम जोडता येतात का, ते पाहावे.

स्फोट झाल्यावर

एवढे करूनही स्फोट होतात. त्या क्षणी मुलाच्या मेंदूत समजून घेणारा भाग जवळजवळ बंद पडलेला असतो, म्हणून समजावणे, धमकावणे, प्रश्न विचारणे आणि "शांत हो" म्हणणे, सगळेच इंधन ठरते. आवाज खाली आणावा, शब्द तीन-चारच ठेवावेत, समोर उभे न राहता बाजूला बसावे, त्याच्या आणि दाराच्या मध्ये येऊ नये, मात्र दार रस्त्याकडे किंवा पाण्याकडे उघडत असेल तर ते आधीच बंद असावे. कोयता, विळी, पाट असल्या वस्तू हलवाव्यात आणि धाकट्या भावंडाला तेथून न्यावे. मुलाला आवळून धरणे केवळ तो स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करील अशाच वेळी, आणि तेही क्षणभर. आपलाच श्वास फुललेला असेल तर आधी तो सावरावा. मुलाला पहिला आधार त्याचाच मिळतो.

नंतर झाडाझडती घेऊ नये. मुलाला बहुतेक वेळा अतिशय शरम वाटत असते. आम्ही कोकमाचे सरबत शेजारी ठेवतो आणि फुटलेले गोळा करतो. कशामुळे झाले हे विचारायचेच असेल तर दोन दिवसांनी, झोपाळ्यावर, एकमेकांकडे न बघता. धाकट्या बहिणीलाही आपले म्हणणे असते, "त्याला सगळं माफ, मला नाही," आणि ते खरे असते. तिला रोज काही वेळ फक्त तिचा द्यावा, आणि तिला लागले असेल तर "त्याला कळत नाही" असे सांगून तिचे दुखणे पुसू नये.

आजी, शेजार आणि गाऱ्हाणे

एकत्र घरात ही रीत एकट्या आईने चालवून भागत नाही. सासूबाई सुरुवातीला म्हणत, "आमच्या वेळी एक धपाटा पुरे व्हायचा." मी वाद घातला नाही, लेखही वाचून दाखवले नाहीत. मी त्यांना एकच गोष्ट बघायला सांगितली, की तो हात उगारण्याच्या आधी काय होते. दुसऱ्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "अगो, कान लाल होतात त्याचे, आणि सदऱ्याचं टोक मुठीत धरतो. घाबरतो गं तो." तेव्हापासून घरात पहिला इशारा त्यांचाच येतो. वडिलधाऱ्यांना आपण चुकलो हे पटवण्यापेक्षा त्यांची नजर कामाला लावणे अधिक फळते, असा माझा अनुभव आहे.

वाडीत कोणीतरी बाधेचे नाव काढतेच. देवाला गाऱ्हाणे घालण्याला माझा विरोध नाही. आम्हीही ग्रामदेवतेपुढे घातले आणि त्याने आमच्या मनाला बळ मिळाले. परंतु मुलाला धरून अंगारा लावणे, धुरासमोर बसवणे, चारचौघांत प्रश्न विचारणे ही त्याच्यासाठी असह्य सांगणी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे तर महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि हे सांगताना कोणाची भीड धरण्याचे कारण नाही.

शाळा आणि कागदपत्रे

पुष्कळ मुले शाळेत शहाण्यासारखी वागतात आणि घरी आल्यावर कोसळतात. "शाळेत तर काही त्रास नाही, घरीच लाड होत असतील," हे वाक्य मी एका शाळेत ऐकले आहे. दिवसभर सगळे आत दाबून धरल्याची ती किंमत असते, आणि मूल ती जेथे सुरक्षित वाटते तेथेच मोजते. लहान जिल्हा परिषद शाळेचा येथे फायदा होतो, कारण मुले थोडी असतात आणि बाईंना मूल ओळखता येते. सध्याच्या बाईंशी आम्ही चारच गोष्टी ठरवल्या : वर्गासमोर वाचायला उभे करायचे नाही, नको झाले की परसबागेला पाणी घालायला न विचारता जाता येईल, गृहपाठ तूर्त बंद, आणि उशिरा आला तर कारण विचारायचे नाही. ज्या सकाळी पाऊल उचलत नाही, त्या सकाळी त्याला रिक्षात कोंबू नये. एक दिवस बुडाला तर भरून निघतो, पण कोंबल्याची आठवण पुसत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, तेथून सुरुवात करावी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वमग्नता मोजायला ‘इसा’ नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तेथे मूल अनोळखी माणसांसमोर गोड वागून दाखवील, म्हणून घरच्या प्रसंगांची नोंदवही आणि मोबाइलवरील एखादे चित्रण सोबत न्यावे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावरून मागता येते, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच मिळते. झोप अजिबात लागत नसेल, मूल खाणे सोडत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नये, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. आणि आपल्यालाच रात्री रडू आवरत नसेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मी एकदा बोलले आहे, तेव्हा पावसात वीज गेली होती आणि घरात सगळे झोपले होते.

गणपतीआधी

आमच्या भागात वर्षाची कसोटी गणपतीत लागते. मुंबईहून चाकरमानी येतात, घरात वीस-बावीस माणसे होतात, झांजा वाजतात, उदबत्त्यांचा वास भरतो आणि प्रत्येक जण मुलाला जवळ ओढून "नमस्कार कर, नाव सांग, मोदक खा" म्हणतो. त्या दिवसांत त्याच्यासाठी माळ्यावर एक जागा राखून ठेवावी, जेथे त्याच्याशिवाय कोणी जाणार नाही, आणि तेथे त्याचे पांघरूण, पाण्याची बाटली व कानावर लावायचे हेडफोन आधीच असावेत. नातेवाइकांना आयत्या वेळी बाजूला घेऊन सांगण्यापेक्षा आधी लिहून कळवलेले बरे. आम्ही श्रावणातच घरच्या गटावर संदेश पाठवतो. गेल्या वर्षीचा जसाच्या तसा देत आहे, कोणाला उपयोगी पडला तर घ्यावा :

"काका, काकू, आत्या आणि सर्व मंडळींना नमस्कार. तुम्ही सगळे येणार म्हणून तो रोज दिवस मोजतो आहे, पण आल्यावर कदाचित तोंडही दाखवणार नाही. कृपया राग मानू नये. त्याला हाक मारू नये, जवळ ओढू नये, काही विचारू नये, पाया पडायला सांगू नये. त्याच्यासाठी काही आणले असेल तर माळ्याच्या जिन्यावर ठेवून द्यावे. तो पानावर बसणार नाही, त्याचे ताट मी वर देईन. आत्या, तुम्ही मागच्या वेळी त्याच्या शेजारी बसून एकट्याच पत्ते लावत होता, ते त्याला फार आवडले होते, या वेळीही पत्ते आणावेत. आरतीच्या वेळी तो वरच असेल. मध्येच खाली येऊन त्याने झांज उचलली, तर कोणीही वळून बघू नये आणि ‘अरे वा’ म्हणू नये, आरती चालू ठेवावी."